इंजिनाची तक्रारवही

मोटारीत चालकासमोर, वेगमापकाच्या शेजारी, एक छोटा पिवळसर दिवा असतो. त्यावर इंजिनाचे रेखाचित्र असते. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तो विझला नाही, किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर मालक गॅरेज गाठतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कल्याणच्या मुरबाड रस्त्यावर अशी गॅरेजे हवी तेवढी आहेत. फिटर स्टिअरिंगच्या खाली हात घालतो, तिथल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये एक यंत्र जोडतो आणि त्याच्या पडद्यावर काही अक्षरे उमटतात : पी ०१७१, पी ०३०१, पी ०४२०. गॅरेजच्या भाषेत याला ‘स्कॅनर मारणे’ म्हणतात.

हा कोड म्हणजे बिघडलेल्या सुट्या भागाचे नाव, असा समज सार्वत्रिक आहे. मालकांचा तर असतोच, काही फिटरांचाही असतो. कोडच्या वर्णनात ‘ऑक्सिजन सेन्सर’ हे शब्द दिसले की सेन्सर बदलायचा, बिल करायचे. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. खरे तर कोड ही तक्रारवहीतली नोंद आहे. इमारतीच्या तक्रारवहीत कोणी ‘तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही’ असे लिहिले, तर टाकी रिकामी आहे, पाइप तुंबला आहे की कोणी व्हॉल्व्ह बंद केला आहे हे त्या नोंदीत नसते. ते शोधावे लागते. ही वही कोणी सुरू केली, कोणासाठी सुरू केली आणि ती वाचण्याचा हक्क कोणाला, हा इतिहास विज्ञानाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते. त्यात रसायन आहे, भौतिकी आहे, द्विमान अंकपद्धती आहे आणि कायदाही आहे.

कानाने वाचायचे दिवस

यंत्राची तक्रार ऐकण्याची कला या भागात मोटारीच्या आधीची आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. रेल्वेत लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या चाकांवर ठोके मारीत जाणारा कामगार असे. धड चाक घंटेसारखे वाजते, तडा गेलेले चाक बद्द आवाज करते. तडा कुठे आहे आणि कशाने गेला हे त्या आवाजातून कळत नसे; पण हे चाक बाजूला काढून तपासले पाहिजे, एवढे नक्की कळे. तक्रार आणि निदान यांतला फरक त्या कामगाराला पक्का ठाऊक होता.

मोटारीच्या बाबतीत इथल्या फिटरांच्या दोन-तीन पिढ्या एकाच गाडीवर शिकल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बनवल्या, आणि १९७४ पासून त्याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. तिथे पुढे ११८ एनई ही गाडी आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात फ्रेंच प्यूजो ३०९ तयार होत असे. कारखाना गेला, तरी त्या परिसरात ‘प्रीमियर’ हे नाव अजून पत्त्यात लिहिले जाते.

पद्मिनीच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात एकही इलेक्ट्रॉनिक भाग नव्हता. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधले ‘पॉइंट’ ठरवीत. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असे आणि घासून बदलत राही, म्हणून फिटरच्या खिशात फीलर गेज असेच. प्लग काढून त्याचा रंग पाहिला की मिश्रणाचे कळे : काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका प्लग म्हणजे हवा जास्त, फिकट बदामी म्हणजे ठीक.

गाडी ‘मिसिंग मारू’ लागली, म्हणजे चारांपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन होईनासे झाले, की फिटर काय करी ते शिक्षकांनी नीट पाहावे. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी तो एकेक करून काढी आणि परत लावी. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडे. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला. मग त्याचा प्लग काढून शेजारच्या सिलिंडरला लावायचा आणि शेजारचा इकडे. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागच्या जागी राहिला तर वायर, कॅप, व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व तसेच ठेवायचे, हे प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना वर्षभर सांगत असतो. गॅरेजातला मुलगा ते पहिल्या महिन्यात शिके, आणि चुकला तर शिव्या खाऊन शिके.

दिवा हवेसाठी लागला

मग एवढी चांगली व्यवस्था मोडली कशाने? गाडी सुधारावी म्हणून ती मोडली नाही. हवा बिघडली म्हणून मोडली. २६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके उतरले. युद्धाचे दिवस होते. लोकांना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. (आपल्याकडेही २६ जुलै ही तारीख विसरण्यासारखी नाही, तिच्याकडे पुढे येऊ.) या धुक्याचा उलगडा आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने केला. ते अननसाच्या स्वादाची रसायने शोधण्याच्या कामात होते. हवेतील न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात, आणि यातला मोठा वाटा मोटारींचा, हे त्यांनी १९५२ च्या सुमारास दाखवून दिले. मोटार कंपन्यांना ते रुचले नाही. तरी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या अमेरिकी कायद्याने तर पाच-सहा वर्षांत धूर नव्वद टक्क्यांनी कमी करा असा आदेशच दिला.

त्यावरचा उपाय म्हणजे उत्प्रेरक परिवर्तक, रोजच्या भाषेत ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’. प्लॅटिनम गटातील धातूंचा पातळ थर दिलेले मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सिरॅमिक सायलेन्सरच्या नळीत बसवायचे. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांना ऑक्सिजन हवा असतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. ही दोन्ही कामे एकाच जागी व्हायची तर मिश्रण अगदी तंतोतंत लागते : वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. थोडी हवा वाढली की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात, थोडे पेट्रोल वाढले की कार्बन मोनॉक्साइड. इतकी अचूकता फीलर गेज आणि बदामी प्लग यांच्या आवाक्यातली नाही. कार्ब्युरेटर यात हरला.

अचूकता साधली ती एका जुन्या सिरॅमिकमुळे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी विद्युतघटाच्या दाबाचे समीकरण १८८९ मध्ये मांडले. उच्च माध्यमिक वर्गांत ते आजही शिकवले जाते. पुढे १८९७ मध्ये त्यांनी झिर्कोनियाच्या कांडीचा विजेचा दिवा केला. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकतात, म्हणून ती कांडी वीज वाहते. टंगस्टनच्या दिव्यांपुढे तो दिवा मागे पडला. पण हेच सिरॅमिक धुराच्या नळीत बसवले, एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर ठेवला, तर दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकानुसार विद्युतदाब मिळतो. बॉश कंपनीचा असा संवेदक १९७७ च्या नमुन्याच्या व्होल्वो गाडीत प्रथम आला.

आकडे घालून पाहण्यात मजा आहे. धुराचे तापमान ६०० अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे ८७३ केल्विन धरू. एका ऑक्सिजन रेणूमागे चार इलेक्ट्रॉन, म्हणून आरटी भागिले ४एफ ही राशी ०.०१९ व्होल्टच्या जवळ येते. हवेत २१ टक्के आणि धुरात १ टक्का ऑक्सिजन असेल तर गुणोत्तर २१, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम सुमारे ३, दाब ०.०६ व्होल्ट. उलट पेट्रोल जास्त असले की धुरात मुक्त ऑक्सिजन जवळजवळ शून्य उरतो, गुणोत्तर १ वर वीस शून्ये इतके होते आणि दाब ०.९ व्होल्टपर्यंत उडी मारतो. मधली पायरी नेमकी १४.७ पाशी. हा संवेदक संगणकाला एवढेच सांगतो : आत्ता पेट्रोल जास्त, आत्ता कमी. संगणक दर सेकंदाला पेट्रोल थोडे कमी-जास्त करीत त्या पायरीवर झुलत राहतो.

आता अडचण लक्षात घ्या. हा संवेदक मेला तरी गाडी चालते. परिवर्तक निकामी झाला तरी चालते. मालकाला काहीच जाणवत नाही. भोगतात ते रस्त्यावरचे लोक. म्हणून यंत्रानेच स्वतःवर चहाडी करावी अशी सोय हवी झाली. पिवळ्या दिव्याचे हे खरे कूळ. त्या दिव्याचा कायदेशीर अर्थ ‘तुमची गाडी बंद पडेल’ असा नसून ‘तुमची गाडी ठरल्यापेक्षा जास्त घाण करते आहे’ असा आहे.

लुकलुकणाऱ्या दिव्यापासून सोळा पिनांपर्यंत

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९८०-८१ पासून संगणक स्वतःच्या नोंदी ठेवू लागला. त्या वाचायला यंत्र लागत नसे. सॉकेटमधल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. दिवा एकदा लुकलुके, थांबे, मग दोनदा लुकलुके : कोड १२, म्हणजे नोंदयंत्रणा जागी आहे. बाकीचे कोड असेच मोजायचे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या नमुन्यांपासून अशी स्वतपासणी सक्तीची केली. पण प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, कोड वेगळे, वहीची लिपीच वेगळी. १९९६ च्या नमुन्यांपासून संपूर्ण अमेरिकेत एकच लिपी आली : सोळा पिनांचे एकच सॉकेट, तेही चालकाच्या हाताजवळ, आणि पाच अक्षरांचे एकसारखे कोड. धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती कंपनीने आपल्या विक्रेत्यांखेरीज इतर दुरुस्ती करणाऱ्यांनाही द्यावी, हेही १९९० च्या कायदा-दुरुस्तीत लिहिलेले होते. युरोपात पेट्रोल गाड्यांना हेच २००१ मध्ये लागू झाले.

आपल्याकडे क्रम जरा उलटसुलट झाला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना परिवर्तक सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने उत्प्रेरक मरतो. २००० मध्ये ‘भारत २०००’ हे मानक आले. सँट्रो १९९८ मध्ये आली तीच ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवीत, आणि २००० च्या सुमारास मारुती ८०० चा कार्ब्युरेटरही जाऊ लागला. स्वतपासणीची सक्ती मात्र भारत स्टेज चार या मानकाबरोबर, १ एप्रिल २०१० पासून मुंबईसह तेरा शहरांत, आणि तिचा कडक टप्पा २०१३ पासून. म्हणजे जवळजवळ एक तप गाड्यांत संगणक होता, पण त्याची वही कोणत्या लिपीत लिहायची हे कंपनीच्या मर्जीवर होते. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या छोट्या फिटरची खरी कोंडी याच वर्षांत झाली. पॉइंट घासून ज्यांचे हात तयार झाले त्यांच्यापुढे एक बंद डबा आला, आणि तो उघडायचे यंत्र फक्त अधिकृत सर्व्हिस स्टेशनात.

त्यातच २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास नदीकाठच्या कल्याण-बदलापूर भागातही पाणी घरांत शिरले. बुडालेली पद्मिनी पुन्हा उभी करणे कष्टाचे असले तरी अवघड नव्हते : तेल बदलायचे, टाकी रिकामी करायची, डिस्ट्रिब्युटर उन्हात वाळवायचा, कार्ब्युरेटर धुवायचा. नव्या गाडीत पाणी शिरते ते वायरींच्या जोडांत आणि संगणकाच्या डब्यात. वरून सगळे सुकते. आत तांब्यावर हिरवा थर चढत राहतो आणि महिन्यांनंतर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सात कोड एकदम उगवतात. अशा वेळी पाच-सात सेन्सर बदलणारा फिटर आणि त्या सर्वांची सामायिक अर्थिंगची वायर तपासणारा फिटर, यांच्या बिलात मोठा फरक पडतो.

वही वाचण्याच्या हक्काचा प्रश्न पुढे दिल्लीत गाजला. सुटे भाग आणि निदानाची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असा निकाल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिला आणि चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. प्रकरण अपिलात गेले, दंडाच्या रकमेवर वाद झाले. आमच्या मते दंडापेक्षा त्यातले तत्त्व महत्त्वाचे : गाडी ज्याची, तिच्या नोंदी त्याला व त्याने निवडलेल्या कारागिराला वाचता आल्या पाहिजेत. बाजाराने मात्र निकालाची वाट पाहिली नव्हती. एका कॅनडियन कंपनीच्या चिपची नक्कल असलेली स्वस्त यंत्रे तोवर गल्लोगल्ली पोचली होती. मोबाइलला जोडून कोड वाचण्यापुरती ती पुरतात.

एक कोड उकलून पाहू

पी ०१७१ घेऊ. संगणक तो केवळ दोन बाइटांत साठवतो : ०००००००१ ०१११०००१. पहिले दोन बिट अक्षराचे. ०० म्हणजे ‘पी’, इंजिन व गिअर. ०१ ‘सी’, चाके व ब्रेक. १० ‘बी’, गाडीचा सांगाडा. ११ ‘यू’, संगणकांचे आपसातले बोलणे. पुढच्या दोन बिटांत पहिला अंक : ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा खासगी. उरलेले बारा बिट चार-चारांच्या गटांत वाचले की १, ७, १. नववी-दहावीच्या मुलांना द्विमान पद्धत शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्यावे.

अर्थ असा : ‘मिश्रणात हवा जास्त, आणि संगणकाने पेट्रोल वाढवून वाढवूनही भागत नाही.’ यात सेन्सर खराब आहे असे कुठेही म्हटलेले नाही. उलट सेन्सरनेच ही बातमी दिली आहे. कारणे अनेक असू शकतात. हवेच्या नळीला चीर, हवामापकावर धूळ, पेट्रोलचा पंप अशक्त, इंजेक्टर तुंबलेला. निवड करायला स्कॅनरवरचा दुसरा आकडा उपयोगी पडतो : संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल देत आहे. हवामापक असलेल्या गाडीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. जागच्या जागी चालू असताना इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेते आणि चिरेतून ०.६ ग्रॅम चोरून आत येते. म्हणजे २० टक्के जादा. आता अ‍ॅक्सिलरेटर दाबून हवा १५ ग्रॅमवर नेली. चीर तेवढीच आहे, चोरटी हवा फार तर तेवढीच. प्रमाण ४ टक्क्यांवर येते. म्हणजे वेग वाढवल्यावर आकडा उतरला तर चीर शोधा. पंप अशक्त असेल तर उलटे घडते : जागेवर सगळे ठीक, आणि माळशेज घाटाच्या चढावर आकडा चढत जातो. यासाठी एकही भाग बदलावा लागत नाही. पाच मिनिटे आणि एक कागद पुरतो.

दुसरे उदाहरण पावसाळ्यातले. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ऊब शोधत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. इंजिनाचे तापमान मोजणारा थर्मिस्टर गार असताना जास्त रोध देतो, तापल्यावर कमी. संगणक ५ व्होल्ट देऊन एका ठरावीक रोधामार्फत तो वाचतो. वायर तुटली की रोध अनंत, वाचन ५ व्होल्ट, आणि हिशेबाने तापमान उणे ४० अंश! (सेल्सियस म्हणा की फॅरनहाइट, उणे ४० दोन्हींत एकच, मुलांना हे ताडून पाहायला सांगावे.) डोंबिवलीत मे महिन्यात तर नाहीच, पण कधीच एवढी थंडी पडत नाही; म्हणून संगणक ते वाचन नाकारतो, पी ०११८ अशी नोंद करतो आणि ठरावीक तापमान धरून काम चालवतो. कोडचे शब्द आहेत ‘सर्किटमध्ये दाब जास्त’. हे शब्द जसेच्या तसे वाचणारा आधी वायर पाहतो. शाळेत थर्मिस्टर, एक रोध, बॅटरी व मल्टिमीटर घेऊन हा प्रयोग एका तासिकेत होतो.

‘मिसिंग’ची जागा आता पी ०३०१ ते पी ०३०४ या कोडांनी घेतली. संगणक ते ओळखतो कसे? क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असते, बहुधा साठ दात्यांचे, त्यातले दोन गाळलेले. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे एका फेरीला २० मिलिसेकंद, एका दात्याला त्याचा साठावा भाग, म्हणजे मिलिसेकंदाचा एक तृतीयांश. एखाद्या सिलिंडरने धक्का दिला नाही की पुढचे काही दाते किंचित उशिरा येतात. हा उशीर कोणाच्या पाळीत झाला ते पाहिले की सिलिंडर कळतो. गंमत अशी की खड्ड्यांतून चाके आपटली तरी क्रँकशाफ्टला असेच हिसके बसतात. म्हणून रस्ता खराब असल्याचे ओळखून त्या वेळेपुरती ही तपासणी स्थगित ठेवण्याची सोय गाड्यांत करावी लागली. घोडबंदर रस्त्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या सोयीचे महत्त्व सांगायला नको. आणि पी ०३०१ आल्यावर चांगला फिटर काय करतो? पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्याला लावतो. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल खराब. पद्मिनीच्या प्लगची अदलाबदल ती हीच.

वही कोरी करणे

स्कॅनरमध्ये आणखी एक कळ असते : नोंदी पुसण्याची. गॅरेजात ‘कोड उडवणे’ म्हणतात. दुरुस्तीनंतर ती दाबणे योग्यच आहे. दुरुस्तीऐवजी दाबली तर दिवा काही दिवस विझतो आणि मालक खूश होतो. याहून पुढचे प्रकारही आहेत. जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजीचा संच बसवताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद करावे लागतात. संगणक लगेच तक्रार करतो. त्याला इंजेक्टर चालू असल्याचा भास देणारे छोटे सर्किट संचाबरोबर येते. इंजेक्टरांपुरते ते संचाच्या रचनेतच धरलेले असते. पण ऑक्सिजनच्या संवेदकाऐवजी बनावट झुलता दाब देणारे सर्किट बसवले, किंवा परिवर्तक काढून टाकून मागचा संवेदक नळीपासून दूर सरकवला, तर वही कोरी राहते आणि धूर तसाच राहतो. परिवर्तकात मौल्यवान धातू असतात, त्यामुळे जुना परिवर्तक काढून देणाऱ्यालाही पैसे मिळतात. हा मोह लहान नाही.

असे केवळ छोटी गॅरेजे करतात असे समजू नये. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या संगणकातच अशी योजना घातली होती की चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करावा. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होती. दिवा विझलेलाच होता, कारण दिवा लावणारा आणि फसवणारा संगणक एकच. हे हुडकले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका छोट्या गटाने, गाडीच्या पाठीमागे मापनयंत्रे बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने भारतातील गाड्या तपासल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्याही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आले आणि २०२३ पासून नव्या नमुन्यांची प्रत्यक्ष रस्त्यावरची धूरचाचणी त्यात आली, तिच्यामागे हा धडा आहे. दुचाकींनाही याच मानकात स्वतपासणीचा दिवा लागला.

पुसलेल्या वहीलाही खुणा राहतात. नोंदी पुसल्या की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ होतात. परिवर्तकाची, ऑक्सिजन संवेदकाची अशा एकेक चाचण्या पुरी व्हायला गाडी थंड-गरम होत काही दिवस चालावी लागते. शिवाय नोंदी पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि इंजिन किती वेळा तापले, हे आकडे बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर दिसतात. ठाणे किंवा कल्याणच्या बाजारात जुनी गाडी पाहताना विकणारा म्हणाला की दिवा वर्षभरात लागलेला नाही, आणि स्कॅनरने सांगितले की वही पुसल्यापासून गाडी अकरा किलोमीटर चालली आहे, तर व्यवहार दोन आठवडे पुढे ढकलावा आणि तेवढ्या काळात गाडी रोज चालवायला सांगावी.